पडवीत बसून स्वतःचे केस कसे कापायचे

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात गावातल्या सलूनात टेकायला जागा मिळत नाही. मुंबैकर उतरलेले असतात, गाववाले असतात, शाळेतली पोरं असतात आणि त्यात मधेच लाइट जाते. शिमग्यालाही तेच. म्हणून घरी केस कापता आलेले बरे, आणि साधा बारीक कट हवा असेल तर ते फार अवघड पण नाहीय, फक्त फेड-बिडच्या (खालून वर हळूहळू लांब होत जाणारा कट) नादाला लागू नका. सलूनवाला स्वतःसुद्धा त्यासाठी दुसऱ्याच्या खुर्चीत जाऊन बसतो.

सामान थोडंच लागतं. ट्रिमर, केस कापायची कात्री, फणी, दोन आरसे, एक जुना पंचा. दाढीचा ट्रिमर चालतो पण त्याचं पातं अरुंद असतं, दाट केसात अडकतो आणि ओढतो, घरात दोन-तीन जण कापणार असतील तर सरळ हेअर क्लिपर घ्या. कात्रीच्या बाबतीत मात्र अजिबात काटकसर नको. किचनमधली, दुधाच्या पिशव्या कापून बोथट झालेली कात्री केस कापत नाही, दुमडते, मग टोकं फाटतात. आणि पावसाळ्यात ट्रिमर आदल्या रात्रीच चार्ज करून ठेवा, अर्धं डोकं झाल्यावर बॅटरी संपली आणि लाइट नाही म्हणजे टोपी घालूनच फिरा.

जागा म्हणजे मागची पडवी किंवा खळं, उजेड भरपूर आणि झाडायला सोपं. पंखा बंद, नाहीतर केस घरभर. मे महिन्यात तर सकाळी लवकरच उरका कारण घाम आला की कापलेले केस मानेला चिकटतात आणि मग जी खाज सुटते ती सुटते, मानेला आधी थोडी पावडर लावलीत तर फरक पडतो. (घरात आजी असेल तर वार बघून बसा, शनिवारी कात्री हातात दिसली की "झिला, आज शनवार ना?" हे ऐकावंच लागणार.)

केस आदल्या दिवशी धुवा आणि कापताना कोरडे असू द्या. ओला केस ताणला जातो, लांब दिसतो, आपण त्या अंदाजाने कापतो आणि वाळला की तो वर जातो. त्यात आपल्याकडची दमट हवा, ज्यांचे केस जरा कुरळे किंवा लाटेचे आहेत त्यांचे पावसात आणखी आखडतात, तर अशांनी मनात असेल त्यापेक्षा बोटभर जास्तच ठेवायचे. तेल लावून तर बसूच नका, ट्रिमरचं पातं चिकट होतं.

आता मशीन. पुढे जो प्लास्टिकचा कंगवा लावतात तो गार्ड, दोन नंबर म्हणजे साधारण ६ एमएम, तीन म्हणजे १०, चार म्हणजे १३. सलूनात नेहमी "दोन नंबर मारा" म्हणत असाल तरी घरी चारनेच सुरुवात करा, बारीक कधीही करता येतं, लांब करायला महिना जातो आणि महिन्यात वाढतो जेमतेम सेंटिमीटरभर. कल्ल्यापासून खालून वर, केसांच्या उलट दिशेने, हळू न्यायचं. डोकं जिथे वरच्या बाजूला गोल वळायला लागतं तिथे मशीन डोक्यावरून पुढे न नेता मनगट बाहेरच्या बाजूला झटकायचं. सगळी गोम इथेच आहे. तसंच वर नेलंत तर वरचे केस पण जातात, आणि एकदम थांबलात तर बाजूला स्टेप पडते, म्हणजे खाली बारीक वर लांब अशी सरळ रेघ, उलटी वाटी ठेवून कापल्यासारखी. स्टेप पडलीच तर घाबरू नका, आधीच्यापेक्षा एका नंबराने मोठा गार्ड लावून फक्त त्या रेघेवरून बाहेर झटकत झटकत फिरवा, जाते. कानाशी आलात की कान बोटाने दुमडून धरा.

वरचे केस कात्रीने. पुढून, मधोमध, जिथे आपल्याला दिसतं तिथून चालू करा. फणीने केस उभे उचला, दोन बोटांच्या चिमटीत धरा, बोटांच्या वर आलेलं तेवढंच कापा, तेही कात्री आडवी नको, उभी धरून टोकाटोकाने. पुढच्या चिमटीत आधी कापलेले थोडे केस घ्यायचे म्हणजे माप कळतं. भोवऱ्याजवळ हात आखडता घ्या, तिथले केस जास्त बारीक झाले की उभेच राहतात, पाणी लावा नाहीतर जेल लावा, बसत नाहीत. कपाळावरची झुलपं सगळ्यात शेवटी.

मग उरते मान, आणि खरी कठीण गोष्ट हीच. भिंतीवरच्या आरशाकडे पाठ करून हातातल्या आरशात बघायचं, पण हात भलतीकडेच जातो, त्यामुळे आधी ट्रिमर बंद ठेवून नुसता फिरवून सराव करा. मानेवरचे केस आडवेतिडवे उगवतात, एकाच दिशेने मशीन मारून भागत नाही, खालून, डावीकडून, उजवीकडून सगळीकडून न्या. शेवटची लाइन मारायला गार्ड काढायचा, डाव्या हाताचं बोट लाइन हवी तिथे आडवं टेकवायचं आणि बोटाच्या खालचीच लव खाली ओढत काढायची. गार्ड काढल्यावर वरच्या दिशेने एकदाही नाही! लाइन सरळ यावी म्हणून डावी-उजवी सारखी करत बसलात तर ती हळूहळू वर सरकत जाते. माझं मत विचाराल तर एवढं काम बायकोला, भावाला, शेजारच्या कुणाला तरी सांगा, दोन मिनिटांचं तर आहे.

लांब केस असतील तर हे काहीच नको, मधे भांग पाडून दोन्ही बाजू खांद्यावरून पुढे घ्या, दोन्हींना केसांचा बँड लावा, तो खाली सरकवत आणा आणि बँडच्या खालची इंचभर टोकं कापा, दोन्ही बाजू हनुवटीखाली धरून माप जुळतंय का बघा.

कापलेले केस न्हाणीत सोडू नका, मोरी तुंबते. आमच्याकडे बरेच जण ते रताळ्याच्या, सुरणाच्या कडेने टाकतात, रानडुक्कर हुंगत येतं आणि नाकात केस गेले की परत फिरतं म्हणतात, मोठा पाऊस झाला की वाहून जातात ते वेगळं.

ट्रिमरचं पातं ब्रशने झाडा, मशीनचं पातळ तेल एक थेंब लावा, दहा सेकंद चालवून पुसा. खोबरेल नको, थंडीत ते आतच गोठतं. समुद्राजवळ घर असेल तर कात्री पण तेलाच्या फडक्याने पुसून झाकणाच्या डब्यात ठेवा, उघडी राहिली तर खाऱ्या हवेने गंजते आणि पुढच्या वेळी केस ओढायला लागते.