ठिबकमध्ये क्षार साचलेत का, कसे ओळखावे आणि कसे काढावे

ठिबकचा ड्रिपर (थेंब थेंब पाणी सोडणारी तोटी) एका रात्रीत बंद पडत नाही. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यातले कॅल्शियम आणि बायकार्बोनेट उन्हात तापलेल्या नळीत चुनखडी होऊन बसतात. पंप बंद झाल्यावर ड्रिपरच्या तोंडाशी राहिलेला थेंब सुकतो, तोही थर सोडून जातो. झाड कोमेजलेले दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो, म्हणून पाणी मोजायची सवय लावा.

ताशी 4 लिटरच्या ड्रिपरखाली 3 मिनिटे भांडे धरा. 200 मिलि पाणी यायला हवे. लॅटरलच्या (ड्रिपर लावलेल्या नळीच्या) सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी असे मोजा. आकडा 180 च्या खाली गेला की आधी प्रेशर गेज बघा. दाब कमी असेल तर बहुधा फिल्टर तुंबलाय, तो धुवा. दाब नीट असूनही पाणी कमी असेल, तर एक ड्रिपर कापून पाहा. आतल्या पांढऱ्या थरावर लिंबू पिळल्यावर फसफसले तर ती चुनखडीच. बुळबुळीत, हिरवट थर शेवाळाचा. त्याला क्लोरीन लागते. आम्ल आणि क्लोरीन कधीही एकत्र करू नका, विषारी वायू तयार होतो.

आम्ल किती लागेल, हे शेजाऱ्याच्या अनुभवावरून ठरवू नका, त्याचे पाणी वेगळे असते. हातमोजे आणि चष्मा घाला. बादलीत आपलेच 10 लिटर पाणी घ्या, त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल एकेक मिलि टाकत ढवळा आणि सामू (पीएच) 4 वर येईपर्यंत पीएच कागदाने तपासत राहा. नेहमी पाण्यात आम्ल टाकायचे, आम्लात पाणी कधीच नाही! त्याच प्रमाणात व्हेंच्युरीतून (खत-आम्ल नळीत ओढून घेणाऱ्या साधनातून), लोखंडी फिल्टरच्या नंतर, आम्ल सोडा. शेवटच्या ड्रिपरच्या पाण्याचा सामू 4 झाला की संच बंद करून 24 तास तसाच ठेवा. मग मेन, सबमेन या मुख्य नळ्या आणि सगळ्या लॅटरलची टोके उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा. ही धुलाई घाईत उरकू नका, सुटलेला चुरा आत राहिला तर पुन्हा तोच ड्रिपर तुंबतो.

खते देतानाही जपा. कॅल्शियम नायट्रेट आणि 12:61:00 (मोनो अमोनियम फॉस्फेट) एका टाकीत मिसळले की साका बसतो. कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट मिसळले तर जिप्सम तयार होते, आणि ते आम्लानेही नीट निघत नाही.