एलसी दुरुस्त झाली, प्रकरण नाही

एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशनमधून ट्रेड कंप्लायन्समध्ये येऊ पाहणारं कुणी ना कुणी मला अधूनमधून विचारतं, "ताई, ते अँटीबॉयकॉटचं अवघड असतं का हो?" अवघड नाही. परक्या देशाच्या बहिष्काराला साथ न देण्याचे हे नियम वाचायला दोन दुपारी पुरतात. तरी मी त्यात सपाटून आपटले, आणि तेही 'आपण किती हुशारीने निभावलं' असं वाटत असताना. एलसी (गिऱ्हाइकाच्या बँकेचं पैशांचं हमीपत्र), एचएस कोड, शिपिंग बिल हे तुम्हाला येतं असं धरून चालते.

घरी पहिल्यांदा सांगितलं की माझं नवं काम बहिष्काराच्या नियमांचं आहे, तेव्हा चिपळूणच्या मामांनी विचारलं, "म्हणजे वाळीत टाकलेल्यांच्या केसेस?" त्यांचं चुकलं नाही. आपल्याकडे सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहेच. माझा कायदा मात्र अमेरिकेचा. अरब लीगने इस्रायलवर व्यापारी बहिष्कार घातला, त्याचं मुख्य कार्यालय १९५१ पासून दमास्कसला. आपल्या कंपन्यांनी परक्या देशाच्या बहिष्काराला हातभार लावू नये म्हणून अमेरिकेने १९७७ मध्ये कायद्यात बंदी आणली. आज ती २०१८ च्या कायद्याखाली, निर्यात नियमावलीच्या भाग ७६० मध्ये आहे. अंमलबजावणी अमेरिकेच्या वाणिज्य खात्याच्या ओएसी (ऑफिस ऑफ अँटीबॉयकॉट कंप्लायन्स) या कार्यालयाकडे.

निर्बंध आणि हे, दोन्ही एकच समजू नका. निर्बंधांत अमेरिका सांगते, अमक्याशी व्यापार करू नका. इथे सांगते, 'अमक्याशी करू नका' असं तिसऱ्याने सांगितलं तर ऐकू नका, आणि त्याने तसं सांगितलं हे आम्हाला कळवा. वाक्याचा पहिला अर्धा भाग सगळ्यांना पाठ असतो. मी दुसऱ्यावर घसरले.

पुण्यात बसून अमेरिकेचा कायदा का, तर आमची कंपनी अमेरिकन कंपनीच्या ताब्यातली. निम्म्याहून जास्त मतदानाचे शेअर तिकडे असले की इथली कंपनीही कायद्याच्या कक्षेत येते, मात्र व्यवहाराला अमेरिकेच्या व्यापाराशी धागा हवा. आमचे व्हॉल्व्ह चाकणचे, पण त्या ऑर्डरसाठी सील किट अमेरिकेच्या प्लांटमधून मागवलेले. झाला धागा.

आता ती एलसी. बांगलादेशातल्या चट्टोग्रामचं गिऱ्हाईक, फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. ४६ए या रकान्यातली कागदपत्रं नेहमीची. ४७ए मध्ये जादा अटी, त्यात नववी: इस्रायली मूळ असलेला माल चालणार नाही. दोन महिन्यांपूर्वीच ट्रेनिंग झालेलं, त्यामुळे मी खुर्चीतून उठलेच. सेल्सला फोन केला, गिऱ्हाइकाला मेल टाकला, 'ही अट काढल्याशिवाय माल निघणार नाही' असं ठणकावून सांगितलं. चौथ्या दिवशी अमेंडमेंट आली, नववी अट गायब. मी फाईलवर हिरव्या शाईने 'मिटलं' असं लिहिलं. साहेबांनी टीम मीटिंगमध्ये शाबासकी दिली. ती शाबासकी मला आजही टोचते.

आठ महिन्यांनी मुख्यालयातून ऑडिटला आलेल्या बाईंनी ती फाईल उघडली, हिरवी शाई बघितली आणि विचारलं, "कळवलं कधी?" मी म्हटलं, "कशाला? अट तर काढून घेतली." त्या काही बोलल्या नाहीत. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

हे सावकाश वाचा. दोनदा वाचलंत तरी चालेल. बहिष्काराची मागणी मिळाली, इथेच कळवण्याचं बंधन सुरू होतं. तुम्ही ती मानली की नाही, हा निराळा प्रश्न. मानली तर बहुतेकदा तो स्वतंत्र गुन्हा. नाही मानली, अट काढायला लावली, ऑर्डरच सोडून दिली, माल गेलाच नाही, तरी मागणी आली होती हे खरंच राहतं. अमेंडमेंटने एलसी बदलते, फेब्रुवारीत तुमच्या इनबॉक्समध्ये काय आलं ते बदलत नाही. उलट अट काढून घेण्याची मेलामेली हाच पुरावा, की तुम्ही ती वाचली होती आणि तिचा अर्थ तुम्हाला कळला होता. बेखबर होतो म्हणायची सोयसुद्धा मी माझ्याच हाताने घालवली होती.

मुदतही मिळाल्याच्या तारखेवरूनच मोजायची, शिपमेंटच्या नाही. मागणी ज्या तिमाहीत आली ती तिमाही संपल्यावर अमेरिकेतल्या कंपनीला पुढच्या महिन्याची अखेर, बाहेरच्या कंपनीला त्याच्याही पुढच्या महिन्याची. म्हणजे माझ्या फेब्रुवारीच्या एलसीसाठी ३१ मे. तिमाही कॅलेंडरची धरायची, आपल्या एप्रिल-मार्च वर्षाशी तिचा संबंध नाही. कागदपत्रं पाच वर्षं जपायची. आणि टॅक्सवाले आयआरएसचा, म्हणजे अमेरिकेच्या करखात्याचा, ५७१३ फॉर्म भरतात म्हणून वाणिज्य खात्याला कळवलं गेलं, असं समजू नका. ती दोन वेगळी खाती, दोन वेगळे कागद. आमच्याकडे दोन्ही टीम वर्षभर एकमेकींच्या भरवशावर बसल्या होत्या.

'नुसतं न कळवण्याचं एवढं काय' असं वाटत असेल, तर २०२३ चं उदाहरण घ्या. अमेरिकन कंपनीच्या यूएईतल्या एका उपकंपनीला पाकिस्तानी गिऱ्हाइकाकडून इस्रायली माल नको अशा मागण्या आल्या होत्या. त्या कळवल्या नाहीत, एवढ्यासाठी ८४ उल्लंघनं मोजली गेली आणि २,८३,५०० डॉलर भरावे लागले.

पाकिस्तान म्हटल्यावर दुसरी गोष्ट. अमेरिकेचं अर्थखातं बहिष्कार घालणाऱ्या देशांची यादी दर तिमाहीला छापतं. यूएईने २०२० मध्ये आपला बहिष्काराचा कायदा रद्द केला, २०२१ मध्ये ती यादीतून निघाली. मागे राहिले इराक, कुवेत, लेबनॉन, लिबिया, कतार, सौदी अरेबिया, सीरिया आणि येमेन. नवी मुलं ही यादी मॉनिटरला चिकटवतात आणि बाकीच्या देशांच्या एलसी न वाचता पुढे ढकलतात. यादीत बांगलादेश कुठे आहे? पाकिस्तान? मलेशिया? नाहीत, आणि मागण्या तिथूनही येतात. ती यादी करासाठी आहे, गाळणी म्हणून वापरायला नाही. मार्च २०२४ पासून वाणिज्य खातं अशा मागण्या करणाऱ्या कंपन्यांचीही यादी काढतं. ती बघाच, पण उलटा अर्थ काढू नका. यादीतल्या कंपनीशी धंदा करायला बंदी नाही, फक्त तिचे कागद भिंगातून वाचायचे. आणि यादीत नाव नाही म्हणून कुणी निर्दोष ठरत नाही.

लगेच घाबरून प्रत्येक ओळ कळवत सुटू नका, तेही मी करून झालंय. ऑडिटनंतरचे दोन महिने मी वकिलांना रोज एक मेल टाकायचे. शेवटी त्यांनीच फोन करून श्वास घ्यायला सांगितलं. 'माल भारतीय मूळचा आहे' असं होकारार्थी प्रमाणपत्र मागितलं तर बिनधास्त द्या, ते कळवायचंही नसतं. 'माल इस्रायली मूळचा नाही' हे नकारार्थी, ते द्यायचं नाही. जहाज अमुक बंदरात जायला पात्र आहे, हा दाखला जहाजाचा मालक, कप्तान किंवा चार्टरर (जहाज भाड्याने घेणारा) यांनी दिला तर चालतो. तुम्ही तुमच्या लेटरहेडवर देऊ नका. आयात करणाऱ्या देशाचे कायदे पाळावेत, एवढं मोघम वाक्य कळवावं लागत नाही, पण त्यात बहिष्काराचे कायदे असा स्पष्ट उल्लेख आला की लागतं. टेक्सससारख्या राज्यांची सरकारी कंत्राटं 'आम्ही इस्रायलवर बहिष्कार घालत नाही' असं लिहून मागतात, ते प्रकरण निराळं. त्यात 'बॉयकॉट' दिसला म्हणून माझ्याकडे धावत येऊ नका.

गुरूंबद्दल थोडं कडू. माझ्या पहिल्या नोकरीत, वाशीच्या एका फॉरवर्डरकडे, एक काका होते. प्रेमळ माणूस, डबा वाटून खाणारा. त्यांचा मंत्र एकच: जुनी फाईल उघड, नाव बदल, प्रिंट मार. त्यांच्या इनव्हॉइसच्या एक्सेलमध्ये तळाला, आठ पॉइंटच्या अक्षरात, इस्रायली माल नसल्याची एक ओळ कुणीतरी कधीतरी टाकून ठेवली होती, आणि ती प्रत्येक देशाच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला जात होती. कुणी मागितली नव्हती. ते काम कुठल्या अमेरिकन कंपनीसाठी नव्हतं म्हणून निभावलं. वीस वर्षांचा अनुभव म्हणजे कधीकधी एकच वर्ष वीसदा. कामाच्या पहिल्याच आठवड्यात आपले साचे तळटिपांसकट वाचून काढा.

शॉर्टकटबद्दल माझं मत ठाम आहे. वीकेंडच्या सर्टिफिकेटवर पैसे घालू नका; ओएसीच्या साइटवर देशवार खऱ्या मागण्यांचे नमुने फुकट आहेत, ते रोज पाच वाचा. कीवर्ड सर्च लावा, पण त्याच्यावर झोपू नका. 'इस्रायल' हा शब्द न येताही मागणी येते, काळ्या यादीतलं जहाज नको, अमुक कार्यालयाचे नियम पाळा, अशा भाषेत. आणि स्कॅन केलेल्या तिरप्या पीडीएफमध्ये सर्चला काहीच सापडत नाही. नियमांवर नजर ठेवायला मी सोमवारी सकाळी अर्धा तास ठेवलाय: फेडरल रजिस्टर (अमेरिकेचं राजपत्र), बीआयएसचे (वाणिज्य खात्याच्या निर्यात-नियंत्रण विभागाचे) मेल अलर्ट, तिमाहीच्या सुरुवातीला दोन्ही याद्या. जुलै २०२३ मध्ये कळवण्याच्या फॉर्ममध्ये मागणी करणाऱ्याचं नाव सक्तीचं झालं, ते मला अशाच सोमवारी कळलं. मूळ कंपनी जर्मन असेल तर तिकडेही बहिष्काराचं घोषणापत्र द्यायला बंदी आहे, तेव्हा आपण सुटलो म्हणून पेढे वाटू नका.

माझं पुढे काय झालं? वकिलांनी आपणहून चूक कबूल करणारा अर्ज केला, कित्येक महिने माझी झोप उडाली, शेवटी इशाऱ्याचं पत्र आलं आणि दंड झाला नाही. नोकरीही राहिली. तुमच्या हातून असं काही झालंय असं हे वाचताना आठवलं, तर आजच वरिष्ठांना सांगा. लपवलेलं सापडणं आणि सांगितलेलं कळणं, यांची किंमत सारखी नसते. पण सांगण्याआधी फाईलमध्ये काहीही खोडू नका, माझ्यासारखी हिरवी शाई असली तरीही.

आता माझ्या रजिस्टरमध्ये पहिला रकाना 'मिळाल्याची तारीख', दुसरा 'कळवण्याची शेवटची तारीख', आणि अट निघाली की नाही हा रकाना पार शेवटी. परवा आमच्या नव्या मुलाने विचारलं, गिऱ्हाईक फोनवरच बोललं, लेखी काहीच दिलं नाही, तर? मी त्याला पेन दिलं. तोंडी मागणीही मागणीच. कोण बोललं, कधी, नेमकं काय, हे फोन ठेवल्या ठेवल्या लिहायचं. त्याने पहिल्या रकान्यात तारीख घातली आणि दुसऱ्यासाठी बोटांवर महिने मोजायला लागला.