पॅलेट ट्रकचं बेअरिंग बदलताय? या चुका टाळा

गोदामात हँड पॅलेट ट्रक (दोन काट्यांवर माल उचलून हाताने ओढायची गाडी) करकरायला लागला की पहिला हुकूम सुटतो, "बेअरिंग टाका." टाकतात. दोन महिन्यांत करकर परत हजर, आणि मग शिव्या दुकानदाराला. जुनं बेअरिंग कशाने गेलं, हे मात्र कुणी पाहिलेलं नसतं.

पहिल्यांदा चाक जमिनीवरून उचला आणि हाताने फिरवा. खरखर बोटांना लगेच कळते. बहुतेक वेळा आधी जातात ते काट्यांच्या टोकाखालचे छोटे रोलर. माल तर त्यांच्यावर असतोच, शिवाय 80 मिमीचा रोलर एका मीटरला चार फेरे मारतो. हँडलखालचं 200 मिमीचं चाक दीडच्या आसपास. तरी लोक आधी मोठी चाकं उघडतात, कारण ती डोळ्यासमोर असतात.

दुसरी चूक, "पॅलेट ट्रकचं बेअरिंग द्या" एवढंच सांगून दुकानात उभं राहणं. कडेवरचा नंबर वाचा. 6204 म्हणजे आतलं भोक 20 मिमी, बाहेरून 47, जाडी 14. 6203 चं भोक 17. नंबर घासून गेला असेल तर व्हर्नियर (मापं घ्यायची सरकती पट्टी) लावा. नंबरापुढची अक्षरंही बघा: झेडझेड (ZZ) म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं, टूआरएस (2RS) म्हणजे रबरी सील. फरशी रोज धुतली जाते, तिथे टूआरएसच घ्या. आणि ते सील उचकटून आत ग्रीस भरायला जाऊ नका. ग्रीस आत असतंच, तुम्ही फक्त धुळीला दार उघडून देता.

सगळ्यात जास्त बेअरिंगं मरतात ती बसवताना. चाकात बेअरिंग बाहेरच्या रिंगवर घट्ट बसतं, म्हणून दाब त्याच रिंगवर हवा. आतल्या रिंगवर पोगर (लोखंडी ठोकणी) ठेवून हातोडी मारली की तो मार गोळ्यांमधून जातो आणि रिंगांच्या खाचेत बारीक खड्डे पडतात. बेअरिंग नवं कोरं, पण फिरवलं की टकटक. जुन्या बेअरिंगची बाहेरची रिंग फेकू नका; तीच नव्यावर ठेवून हलके ठोके द्या. व्हाइस असेल तर हातोडीची गरजच नाही. दोन बेअरिंगांमध्ये नळीचा तुकडा असेल तर तो विसरू नका. किरकोळ वाटतो, पण तो राहिला की दोन्ही बेअरिंगांच्या आतल्या रिंगा एकमेकींकडे दाबल्या जातात.

बेअरिंग हाताने दाबताच चाकात सरकन गेलं, तर खूश होऊ नका. चाकाचं घर, म्हणजे बेअरिंग बसतं ते भोक, मोठं झालंय. तिथे पत्र्याची पट्टी घालून काम भागवणारे पुष्कळ आहेत. मी चाकच बदलतो. एक्सलवर नख फिरवा, झिजेची पायरी लागली तर तोही बदला. एक्सलभोवती स्ट्रेच फिल्म आणि पॅकिंगच्या पट्टीचे धागे गुंडाळलेले असतात, ते ब्लेडने कापून काढा. हा गुंता सीलमध्ये शिरतो, आणि बऱ्याचदा मूळ गुन्हेगार हाच.

काम झाल्यावर काटे वर येत नसतील तर पंप बिघडला म्हणून घाबरू नका. ट्रक आडवा पाडला होता ना? पंपात हवा शिरली असेल. लिव्हर काटे उतरवायच्या स्थितीत धरून हँडल दहा-पंधरा वेळा वर-खाली करा. पंप खोलायचं त्यानंतर बघू.