अभिप्राय पाचपैकी पाच, पण हिशेब जमेना? या चुका टाळा

बचत गटांसाठी आर्थिक साक्षरतेचं ॲप, पत्त्यांचा खेळ किंवा साधी चित्रपुस्तिका करणाऱ्यांकडे भरलेल्या फॉर्मांचे गठ्ठे असतात. ‘प्रशिक्षण आवडलं का?’ पुढे पाचपैकी पाच. हे गुण बहुतेक वेळा साधनाला नसून शिकवायला आलेल्या ताईंना दिलेले असतात. समोरच्याला तोंडावर ‘नाही समजलं’ म्हणणं आपल्याकडे जड जातं. म्हणून मत विचारण्यापेक्षा हिशेब घालावा.

तिथेही पहिली ठेच लागते ती व्याजदराला. गावात व्याज महिन्याचं बोलतात, ‘शेकडा दोन’. बँक वर्षाचं बोलते, १२ टक्के. प्रश्नावलीत नुसतं ‘२ टक्के की १२ टक्के, स्वस्त कर्ज कोणतं?’ असं छापलं, की बायका २ वर खूण करतात आणि अहवालात जातं, ‘व्याजाची संकल्पना अस्पष्ट’. अहो, महिना की वर्ष हे तुम्हीच लिहिलं नाही! शेकडा दोन म्हणजे वर्षाचे २४.

दर बाजूला ठेवून रुपयांत विचारा. १०,००० रुपये घेतले, वर्षभरात बारा हप्त्यांत फेडले, एकूण किती गेले? १२ टक्के सरळ व्याजाने (वर्षभर पूर्ण १०,००० वर) हप्ता ९३३ रुपयांचा आणि व्याज १,२०० रुपये. तेच १२ टक्के घटत्या मुद्दलावर, म्हणजे फेडून उरेल तेवढ्याच रकमेवर, लावले तर हप्ता साधारण ८८८ आणि व्याज ६६० रुपयांच्या आसपास. दर तोच, व्याज जवळपास निम्मं. गटाची वही लिहिणाऱ्या सचिवाला हा फरक बोटांवर येतो. जिच्या हातात नुसतं हप्त्यांचं कार्ड असतं, ती इथे अडण्याची शक्यता जास्त. धडा कोणासाठी लिहायचा हे अशा एका गणितातून कळतं. ‘किती चांदण्या द्याल?’ छापाच्या वीस प्रश्नांतून कळत नाही.

‘माहीत नाही’ हा पर्याय न देणं ही दुसरी चूक. तो नसला की अंदाजाने मारलेली खूण खरं ज्ञान म्हणून मोजली जाते. शिवाय ज्याला माहीत नाही आणि जो ठामपणे चुकतो, ती दोन वेगळी माणसं आहेत. ‘ओटीपी बँकवाल्याला सांगितला तर चालतो’ असं खात्रीने म्हणणाऱ्याला माहिती देऊन भागत नाही, त्याच्याकडून फसवणुकीचा फोन खेळून घ्यावा लागतो. (आणि पैसे गेलेच तर १९३० हा क्रमांक लगेच लावायचा, हे त्याच धड्यात येऊ द्या.)

सगळ्यांची उत्तरं हुबेहूब सारखी आली तर खूश होऊ नका. फॉर्म गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकला असेल, तर बहुधा एखादीच्या कॉलेजातल्या मुलीने सगळ्यांचे भरून दिलेत. कर्जाचे प्रश्न नवरा किंवा सासू शेजारी असताना विचारणंही व्यर्थ. उसनवारीचा खरा आकडा तिथे निघत नाही.

राष्ट्रीय आकड्यांवर साधन बेतू नये. राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्राच्या २०१९च्या सर्वेक्षणात देशातले २७ टक्के प्रौढ आर्थिकदृष्ट्या साक्षर ठरले. निधीच्या अर्जात हा आकडा शोभतो. पण तुमच्या गटातल्या बाईला विमा अडतो की हप्ता, याबद्दल तो काही सांगत नाही.

‘भाषा अवघड आहे’ असा शेरा आला की अख्खी पुस्तिका सोपी करायला बसू नका. तीन-चार जणींना मोठ्याने वाचायला सांगा आणि जीभ अडखळते तिथे पेन्सिलीने खूण करा. बऱ्याचदा दोन पानंच नडतात. ‘व्हिडिओ करा’ ही मागणीही जपून घ्या. विचारलं की सगळेच व्हिडिओ मागतात, पण घरातला एकुलता स्मार्टफोन दिवसभर शेतावर किंवा कामावर गेलेला असतो.

बदल केल्यावर फेरतपासणीत तेच १०,००० पुन्हा विचारू नका, उत्तर पाठ झालेलं असतं. १५,००० आणि दहा हप्ते करा. पहिली फेरी दिवाळीच्या सुमारास, सोयाबीनचे पैसे हातात असताना झाली असेल, तर दुसरी ऐन पेरणीत घेऊन बचतीची तुलना करू नका. जूनमध्ये बचत घटलेली दिसली, तर तो बियाण्या-खताचा खर्च असतो.