ब्राउझरमधील डीआरएम बंद करण्यापूर्वी आणि करताना

फायरफॉक्सच्या सेटिंग्जमधील ‘जनरल’ विभागात डीआरएम-नियंत्रित, म्हणजे नक्कल रोखणारे डिजिटल कुलूप लावलेला, आशय चालवण्याचा पर्याय असतो. त्यापुढील खूण काढली की नक्कल रोखणारा, आधी उतरवून घेतलेला बंदिस्त घटक ब्राउझर काढून टाकतो. मग संरक्षित चित्रपट दिसत नाहीत. इतर व्हिडिओ पूर्वीप्रमाणेच चालतात.

मात्र निर्णयापूर्वी ब्राउझरमधील डीआरएमबाबतचा वाद नेमका कशाचा आहे हे समजून घ्यावे. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने १८ सप्टेंबर २०१७ रोजी शिफारस म्हणून प्रसिद्ध केलेले ‘एन्क्रिप्टेड मीडिया एक्स्टेन्शन्स’ हे मानक स्वतः कुलूप घालत नाही. वेबपान आणि तो बंदिस्त घटक यांच्यातील संवादाची रीत तेवढी ते ठरवते. वेगळ्या प्लगइनची (ब्राउझरला जोडायच्या जादा प्रोग्रामची) गरज त्यामुळे उरली नाही, हा समर्थकांचा मुद्दा खराच आहे. परंतु ज्या घटकाचा सोर्स कोड खुला नाही, त्यातील सुरक्षादोष शोधणाऱ्या संशोधकावर डिजिटल कुलूप तोडण्यास मनाई करणाऱ्या अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए कायद्याखाली खटला भरला जाण्याची भीती असते, आणि अशा संशोधकांना सदस्य कंपन्यांनी न्यायालयात खेचू नये ही डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनची मागणी मान्य न झाल्याने ती संस्था त्याच दिवशी डब्ल्यूथ्रीसीतून बाहेर पडली. माझ्या मते हीच या मानकाची सर्वांत गंभीर उणीव आहे.

पर्याय बंद असताना एखाद्या पानाला डीआरएम हवे असेल, तर ब्राउझर तशी सूचना दाखवतो; तेव्हा ते पान खरोखर आवश्यक असेल तरच पर्याय पुन्हा सुरू करावा.