अळ्या दुसऱ्या दिवशी जिवंत दिसल्या म्हणून औषध बदलताय? कीड वाढ नियंत्रक वापरताना या चुका टाळा

सोयाबीनवर नोव्हॅल्युरॉन मारलं, दुसऱ्या दिवशी वावरात चक्कर टाकली, तर अळ्या पानावर तशाच. मग कृषी केंद्रात तक्रार: "भाऊ, औषधात दमच नाही तुमच्या, अळ्या त जित्याच हायेत!" आणि तिसऱ्या दिवशी टाकीत दुसरं जहाल औषध. विदर्भात दर खरिपात हे चालतं, आणि खर्च दुप्पट होतो.

नोव्हॅल्युरॉन, लुफेन्युरॉन, डायफ्लुबेन्झुरॉन ही कीड वाढ नियंत्रक औषधं मज्जातंतूंवर काम करत नाहीत, त्यामुळे अळी तडफडून खाली पडत नाही. अळीच्या कातडीला कायटिन हा टणकपणा देणारा पदार्थ लागतो. औषध लागलेलं पान खाल्लं की ते तयार होणं थांबतं. पुढची कात टाकताना नवी कातडी कच्ची राहते आणि अळी तिथेच मरते. म्हणून तीन ते पाच दिवस थांबा. मेलेल्या अळ्या मोजण्यापेक्षा अळीचं खाणं मंदावलं का, ती सुस्त किंवा काळपट पडली का, अर्धी कात अंगाला चिकटलेली दिसते का, ते पाहा. ही औषधं आंतरप्रवाही नाहीत, म्हणजे झाडाच्या आत पसरत नाहीत. फवारणीनंतर फुटलेल्या पानाला छिद्रं पडली तर दोष औषधाचा नाही.

खरी चूक बहुतेक वेळा फवारणीच्या आधीच झालेली असते. तंबाखूची पानं खाणाऱ्या अळीचा मादी पतंग सोयाबीनच्या पानाखाली पुंजक्यानं अंडी घालतो. लहान अळ्या एकत्र राहून पान खरवडतात, पान जाळीदार दिसतं. औषधाची वेळ तीच. अळी बोटाएवढी झाली की तिच्या थोड्याच काती उरतात, आणि मरेपर्यंत सगळ्यात जास्त नुकसान तीच करते. अशा वेळी इमामेक्टिनसारखं लवकर काम करणारं, त्या पिकासाठी शिफारस असलेलं औषध घ्या.

कपाशीत तर वेळ आणखी कमी. गुलाबी बोंडअळी अंड्यातून निघाल्यावर लवकरच पाती (कळी), फुलात किंवा बोंडात शिरते. आत गेल्यावर वरून काहीही मारा, उपयोग नाही. त्यासाठी हेक्टरी ५ कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावा. सलग ३ रात्री प्रत्येक सापळ्यात ८ पतंग आले, किंवा १० टक्के फुलं-बोंडं किडकी दिसली, तर फवारणीचा निर्णय घ्या. डोमकळ्या (अळीमुळे न उमललेली, गुलाबकळीसारखी फुलं) दिसल्या तर तोडून नष्ट करा. फवारणीनंतरही सापळ्यात पतंग पडतच राहतात, कारण हे औषध उडत्या पतंगाला मारत नाही.

नाव वाचून घ्या. ब्युप्रोफेझिन तुडतुडे, पांढरी माशी यांच्या पिल्लांसाठी आहे आणि पायरीप्रॉक्सीफेन पांढऱ्या माशीसाठी. दोन्हीही वाढ नियंत्रकच, पण बोंडअळीवर मारले तर पैसे पाण्यात. आणि नोव्हॅल्युरॉननं काम केलं नाही म्हणून लुफेन्युरॉन आणणं म्हणजे औषध बदलणं नव्हे. दोन्ही एकाच कुळातली आहेत.

पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणी पंपानं पाणी कमी लागतं, तरी डोज मात्र साध्या पंपाच्या हिशेबानं टाकला जातो. मग एकराला औषध अर्ध्याहून कमी पोचतं. लेबलवरचं हेक्टरी प्रमाण पाहून पंप मोजा. अळी मुख्यतः पान खाऊन मरते, त्यामुळे पानाची खालची बाजूही ओली झाली पाहिजे.

"हे सौम्य आहे" म्हणून हातमोजे-मास्क न घालता फवारणारे बरेच. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० हून अधिक जीव गेले. वाढ नियंत्रक माणसाला तुलनेनं कमी विषारी हे खरं, पण दोन-तीन जहाल औषधं त्याच टाकीत मिसळली की सौम्यपणा उरतो कुठे?

रेशमाची अळीही अळीच. शेजारच्या वावरात तुती असेल तर वाऱ्याची दिशा पाहूनच फवारा. झिंगे-खेकड्यांच्या कवचातही कायटिनच असतं, त्यामुळे भंडारा-गोंदियाकडच्या तलावात किंवा बोडीत (लहान तळ्यात) पंप धुऊ नका. धुतलेलं पाणी नाल्यापासून लांब, पडीक जागेवर टाका.