ऑटोफोकस कॅमेऱ्यात इन्फ्रारेड फिल्म वापरताना

डोळ्यांना न दिसणारे, लाल रंगापलीकडचे किरण टिपणाऱ्या इन्फ्रारेड फिल्मसाठी कोकण किनाऱ्यावर सर्वांत अनुकूल काळ म्हणजे पाऊस ओसरल्यानंतरचे पहिले काही आठवडे. तेव्हा झाडोरा ताजा असतो, हवेत धूळ नसते आणि ऊन स्वच्छ पडते. पानांच्या आतील पेशीरचना इन्फ्रारेड किरण मोठ्या प्रमाणात परावर्तित करते, म्हणून माड आणि आमराया पांढऱ्याशुभ्र उमटतात. अशी छायाचित्रे १९१० साली प्रथम प्रसिद्ध करणाऱ्या रॉबर्ट वुड या भौतिकशास्त्रज्ञाच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. पाणी मात्र हे किरण शोषून घेते, त्यामुळे मालवणच्या किनाऱ्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्याचे चित्र घेतल्यास काळ्या समुद्रात तट आणि त्यामागे पांढरे माड असे दृश्य मिळते. ढगाळ दिवशी यातले फारसे काही साधत नाही.

ऑटोफोकस कॅमेरा या कामाला चालतो का, याचे उत्तर आधी त्याच्या पोटात शोधावे लागते. जुन्या कॅमेऱ्यात फिल्मच्या कडेची छिद्रे दात असलेल्या चाकात अडकतात आणि त्यावरून फिल्म किती सरकली हे ठरते. अनेक ऑटोफोकस कॅमेऱ्यांत, विशेषतः कॅनन ईओएस मालिकेतील बऱ्याच मॉडेलांत, हे काम एक छोटा इन्फ्रारेड दिवा आणि संवेदक करतो, आणि तोच दिवा फिल्मच्या कडेला धुरकट पट्टा उमटवू शकतो. मागचे झाकण उघडून दातेरी चाक दिसत नसेल, तर असा दिवा आहे असे गृहीत धरावे व माहितीपुस्तिका पाहावी. मात्र एवढ्यावरून कॅमेरा बाजूला ठेवण्याची घाई करू नये. पुस्तिकांमधील इशारे लिहिले गेले तेव्हा कोडॅकची एचआयई ही फिल्म प्रचलित होती. ती सुमारे ९०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या किरणांपर्यंत संवेदनशील होती आणि २००७ मध्ये तिचे उत्पादन थांबले. रोलाय इन्फ्रारेड ४०० ही फिल्म ८२० नॅनोमीटरच्या आसपास थांबते, तर इलफर्ड एसएफएक्स २०० ही ७४० नॅनोमीटरजवळ. त्यामुळे धोका पुष्कळ कमी झाला आहे, तरी महत्त्वाच्या कामाआधी एक चाचणी रोल धुऊन त्याच्या कडा तपासणे मला आवश्यक वाटते. झाकणावर फिल्मचे नाव वाचण्यासाठी खिडकी असेल, तर ती काळ्या चिकटपट्टीने पूर्ण झाकावी.

फिल्म शीतकपाटातून काढल्यावर तिचा सीलबंद डबा काही तास बाहेर तसाच राहू द्यावा. किनाऱ्यावरच्या दमट हवेत थंड फिल्मवर लगेच पाणी साचते. रोलाय फिल्मचा पारदर्शक आधार बाहेर आलेल्या टोकातून प्रकाश आत वाहून नेतो, म्हणून ती अंधारात, निदान दाट सावलीत तरी भरावी.

खरी काळजी घ्यावी लागते ती फोकसची. दिसणारा प्रकाश अडवून इन्फ्रारेड आत सोडण्यासाठी लेन्ससमोर लावायचा ७२० नॅनोमीटरचा फिल्टर डोळ्यांना जवळजवळ काळा दिसतो आणि तो लावल्यावर व्ह्यूफाइंडर व ऑटोफोकस दोन्ही निकामी होतात. म्हणून कॅमेरा तिवईवर ठेवून फिल्टरविना ऑटोफोकस करावा, लगेच लेन्सवरील कळ मॅन्युअलवर न्यावी आणि त्यानंतरच फिल्टर चढवावा. इन्फ्रारेड किरण लेन्सच्या मागे किंचित दूर एकत्र येतात, त्यामुळे लेन्सवर इन्फ्रारेड फोकससाठीची लाल खूण असल्यास मुख्य खुणेसमोर आलेले अंतर तिच्यासमोर सरकवावे. अनेक ऑटोफोकस झूम लेन्सवर ही खूण नसते. अशा वेळी अंतराचे कडे अगदी थोडे जवळच्या बाजूला फिरवून एफ/११ किंवा एफ/१६ अशा लहान छिद्रावर काम करावे. लहान कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यात फोकसची खिडकी लेन्सपासून वेगळी असल्याने फिल्टरचा तिला अडथळा होत नाही, पण ही दुरुस्तीही करता येत नाही, म्हणून तिथे दूरचे दृश्यच निवडणे बरे.

प्रकाशमापनही फिल्टरविना करावे, कारण मापक फिल्टरमागचा प्रकाश फिल्मसारखा मोजत नाही. रोलाय फिल्म आणि ७२० नॅनोमीटरचा फिल्टर यांसाठी आयएसओ (फिल्मची प्रकाशसंवेदनशीलता दाखवणारा आकडा) हाताने १२ वर ठेवावा. कॅमेऱ्याला फिल्मचा वेग सांगणाऱ्या, डब्यावरील डीएक्स संकेतामुळे कॅमेरा स्वतःहून दुसरा आकडा घेत असेल, तर तो बदलण्याची सोय आहे का हे आधीच पाहावे. भर उन्हात एफ/१६ ला साधारण १/१२ सेकंद लागतो. मिळालेले आकडे मॅन्युअल मोडमध्ये कायम ठेवून एक-दोन स्टॉप (एका स्टॉपला प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) कमी-जास्त अशा आणखी फ्रेम घ्याव्यात. अनेक ऑटोफोकस कॅमेऱ्यांत हे ब्रॅकेटिंग आपोआप होते आणि या कामासाठी ती फार मोठी सोय आहे. मागून येणाऱ्या उन्हाचा परिणाम टाळण्यासाठी डोळा लावायची काच, म्हणजे नेत्रिका, झाकावी. एसएफएक्सबरोबर गडद लाल फिल्टर अधिक योग्य, कारण ७२० च्या फिल्टरमागे तिच्या वाट्याला फारच थोडा प्रकाश उरतो.

रोल गुंडाळून झाल्यावर तो अंधारातच काढून मूळ काळ्या डबीत ठेवावा. धुलाई नेहमीच्या कृष्णधवल रसायनांत होते, परंतु काही स्वयंचलित धुलाईयंत्रांतही फिल्म ओळखण्यासाठी इन्फ्रारेड संवेदक असतात. म्हणून प्रयोगशाळेला तशी कल्पना द्यावी किंवा हाताच्या टाकीत धुऊन घ्यावी.